युनिव्हर्सल फिट, म्हणजे कुणालाच फिट नाही

मंडळी, मोटरसायकलच्या बाजारात गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त गंडवणारे दोन शब्द कोणते असतील तर ते ‘युनिव्हर्सल फिट’. विक्रेता हे शब्द अशा थाटात छापतो जणू त्याने सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या गाड्या मोजून हा पार्ट बनवलाय. खरा अर्थ असा, की त्याने एकही गाडी मोजलेली नाही. मोजायचं काम आपलं. भोक पाडायचं काम आपलं, वायसर शोधायचं आपलं, आणि शेवटी बसलं नाही तर ‘तुम्हाला जमलं नाही’ हे ऐकून घ्यायचं कामही आपलंच.

आज मला याच गोष्टीवर भांडायचं आहे. दुकानदार, मेकॅनिक, गाडीची कंपनी, ऑनलाइन विक्रेता आणि आपण स्वतः, सगळे मिळून एक खोटं चालवून घेतोय. ते असं, की बाहेरचा पार्ट घरी बसवताना त्रास होणारच, तो हाताच्या कौशल्याचा प्रश्न आहे. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या पार्टसोबत तो कसा बसवायचा याचा कागद नाही, तो पार्ट अर्धवट आहे. अर्धवट माल पूर्ण किमतीला विकला जातोय आणि उरलेलं अर्धं काम आपण रविवारी फुकटात करतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर पुण्यात बसून तुम्ही म्हणाल ‘घरी कशाला करत बसतोस, गॅरेजला टाक ना.’ आमचं घर केदारखेड्याला. जालन्याहून भोकरदनकडे निघालात की राजूरचा गणपती लागतो, तो ओलांडून पुढे आलं की आमचं गाव. घरची गाडी तिथे असते, मी पुण्यात. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार घरी जातो तेव्हा गाडीची कामं निघतात. गाडी म्हणजे शंभर सीसीवाली साधी, रोज शेतात जाणारी. तिला काय लागतं? मागे सामान बांधायला मजबूत कॅरिअर. अंधारात बैलगाडी अन् मोकाट जनावर दिसेल असा दिवा. तुटलेल्या आरशाच्या जागी आरसा. बस. यात हौसमौज काही नाही. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर लावून गावभर फटफटत फिरणाऱ्यांची वकिली मी करत नाही. त्यांचे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात तेव्हा मीसुद्धा मनात टाळी वाजवतो.

आणि गॅरेजचं म्हणाल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटर बाहेरून आणलेला पार्ट बसवून देत नाही. मी विचारलं होतं. ‘बाहेरचा पार्ट आम्ही हात लावत नाही सर, वॉरंटीचा इश्यू होतो’ असं उत्तर मिळालं. गाडीची वॉरंटी संपून वर्षं झाली होती, तरी इश्यू होताच. म्हणजे उरलं काय, तर गावातला मेकॅनिक किंवा आपलं अंगण.

आता एकेक घेऊ.

कॅरिअर. ऑनलाइन मागवलं. फोटोत आमच्याच मॉडेलची गाडी, खाली आमच्याच मॉडेलचं नाव. घरी आल्यावर आधी वर्नियरने मोजलं, कारण इंजिनिअरिंगला फी भरली होती ती कुठेतरी वसूल व्हावी. गाडीच्या दोन बोल्टमधलं अंतर आणि कॅरिअरच्या दोन भोकांमधलं अंतर, यात ७ मिलिमीटरचा फरक. विक्रेत्याला फोन केला. त्याचं उत्तर मी जपून ठेवलंय: ‘सर थोडा हातोडीने अ‍ॅडजस्ट करून घ्या, सगळे करतात.’

‘सगळे करतात’ हा या धंद्याचा राष्ट्रीय मानक क्रमांक आहे!

बरं, पुढचा प्रश्न विचारला, की यावर वजन किती चालेल? तर म्हणे, ‘कितीही टाका, लोखंड आहे.’ मी तुम्हाला एक हिशोब सांगतो. आमच्याकडे दूध घालणारा माणूस ४० लिटरच्या दोन किटल्या गाडीला लावतो. दुधाचंच वजन ८० किलोच्या वर गेलं, किटल्यांचं वेगळं. वर तो स्वतः. हे सगळं खड्ड्यातून रोज दोनदा. आता त्या कॅरिअरची वेल्डिंग कितीला तुटते, गाडीची मागची फ्रेम किती झेलते, हे आकडे कुठेतरी असायला हवेत की नकोत? लिफ्टमध्ये लिहिलेलं असतं किती माणसं. ट्रॅक्टरच्या टायरवर लिहिलेलं असतं किती भार. कॅरिअरवर मात्र कंपनीचं नाव तेवढं सोनेरी अक्षरात.

दुसरं, आटे. हा विषय कंटाळवाणा वाटेल पण पाच मिनिटं द्या, कारण निम्म्या रविवारांचा खून इथे होतो. बोल्टची जाडी म्हणजे सगळं नव्हे. दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तेही जुळावं लागतं. १० मिलिमीटर जाडीचा बोल्ट गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मागितला तर साधारण १.५ पिचचा मिळतो, कारण तो सगळ्यात चालणारा. मोटरसायकलच्या आरशाला मात्र बहुतेक वेळा १० मिलिमीटर आणि १.२५ पिच लागतो. दोन्ही बोल्ट शेजारी ठेवले तर दिसायला जुळे भाऊ. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे आनंदाने आत जातो आणि मग अडतो. अडला की माणूस स्वाभाविकपणे पाना मोठा घेतो, जोर लावतो, आणि गाडीच्या बाजूचे आटे कायमचे गेलेले असतात. त्यात यामाहाच्या कित्येक गाड्यांना उजव्या आरशाला उलटे आटे असतात. त्यामागे चांगलं कारण आहे, आरशाला काही धडकलं तर तो सैल होऊन फिरावा. पण ज्याला हे कुणी सांगितलंच नाही तो उघडायचं म्हणून आवळत बसतो.

आरसा गेला तर गेला, शंभर-दोनशेचं नुकसान. हेच ब्रेकच्या पायपाला होतं तेव्हा? डिस्क ब्रेकच्या नळीचा बोल्ट असतो, त्याला बाजारात बँजो बोल्ट म्हणतात. तोही १० मिलिमीटरचा, आणि त्यातही १.० आणि १.२५ अशी दोन्ही पिचं चालतात. बाहेरच्या ब्रेक नळीसोबत बोल्ट येतो, पिशवीवर काही लिहिलेलं नसतं. चुकीचा बोल्ट जोराने आवळला तर अंगणात उभ्या गाडीचा ब्रेक लागतोही. पकडलेले असतात अर्धेमुर्धे आटे. आणि परीक्षा होते ती समोर ट्रक आल्यावर, पूर्ण ताकदीने लिव्हर दाबल्यावर. पिशवीवर तीन आकडे छापायचा खर्च किती? शून्य पैसे. न छापण्याची किंमत किती, ते तुम्हीच ठरवा.

तिसरं, दिवे. खोक्यावर ठळक छापलेलं: १२० वॅट. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. १२० भागिले १२, म्हणजे १० अँपिअर. सोबत आलेली वायर मात्र दिवाळीच्या माळेला असते तेवढी बारीक. मी मल्टिमीटर लावून मोजलं तर दिवा दीड अँपिअर घेत होता. म्हणजे साधारण १८ वॅट. दावा खरा असता तर ती वायर तापून टाकीखालीच वितळली असती. सुदैवाने ते खोटं बोलत होते, म्हणून आपण वाचलो. या देशात ग्राहकाची सुरक्षा अशी विक्रेत्याच्या अप्रामाणिकपणावर अवलंबून आहे!

फ्यूज किती अँपिअरचा लावायचा ते नाही. लाल वायर थेट बॅटरीला की किल्लीनंतर, ते नाही. दिव्याचा झोत किती खाली ठेवायचा म्हणजे समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत, ते नाही. असा दिवा रस्त्यावर चालतो का, याबद्दल तर चकार शब्द नाही. हेडलाइटमध्ये बसणाऱ्या एलईडी बल्बची कथा तीच. हॅलोजन बल्बची तार ज्या जागी असते त्या जागेच्या हिशोबाने मागचा आरसा घडवलेला असतो. तिथे भलत्या जागी उजेड फेकणारा बल्ब घातला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. खोक्यावर लिहिलेलं काय? ‘प्लग अँड प्ले’.

आता खरी गंमत. त्या खोक्यात कागद अजिबात नव्हता असं नाही. होता. छान गुळगुळीत, चाररंगी कार्ड. त्यावर लिहिलं होतं, की आम्हाला पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा आणि कॅशबॅक मिळवा. सोबत क्यूआर कोड. म्हणजे छपाईला पैसे आहेत, कागद आहे, क्यूआर कोड कसा बनवतात हेही माहीत आहे. ‘एवढ्या स्वस्तात माहितीपत्रक कुठून देणार’ हा युक्तिवाद त्या कार्डाने तिथेच निकालात काढला. स्तुती मागायला कागद आहे, माहिती द्यायला नाही.

यावर काही मंडळी नेहमीचं वाक्य टाकतात: ‘अरे हा भारत आहे, इथे असंच चालतं, स्टँडर्ड वगैरे आपल्याकडे होत नाही.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते धादांत खोटं आहे. आणि त्याचा पुरावा त्याच गाडीत आहे.

चाकाचं बेअरिंग घ्या. त्यावर नंबर असतो, समजा ६२०२. याचा अर्थ आतलं भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, रुंदी ११. जालन्यात बेअरिंगच्या दुकानात जा, नुसता नंबर सांगा. दुकानदार तुम्हाला गाडी कोणती विचारत नाही, गाव विचारत नाही, जातपात विचारत नाही. बेअरिंग देतो आणि ते बसतं. हातोडीने अ‍ॅडजस्ट करावं लागत नाही. तेच बेअरिंग कुणाच्या पाण्याच्या मोटारीत बसतं, कुणाच्या पंख्यात बसतं. बनवणारी कंपनी भारतातली असो, जपानची असो की स्वीडनची, ६२०२ म्हणजे ६२०२.

किंवा दिव्यासाठी लागणारा रिले घ्या. साठ-सत्तर रुपयांची काळी डबी. तिच्या पायांपाशी आकडे कोरलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७. तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवा, मधले दोन बटणासाठी. ही मूळ जर्मन मानकाची पद्धत, पण साठ रुपयांच्या डबीवरही ती पाळली जाते. टायर घ्या, त्याच्या अंगावर रुंदी, उंची, रिम, भार, वेग सगळं उठवलेलं असतं. चेनसुद्धा घ्या. ४२० आणि ४२८ या दोन्ही चेनच्या कड्यांमधलं अंतर १२.७ मिलिमीटरच, पण रुंदी वेगळी, म्हणून नंबर वेगळा. कुणी ‘युनिव्हर्सल चेन’ विकायला काढली तर गावातलं पोरसुद्धा हसेल.

म्हणजे ज्या देशात बेअरिंग, रिले, टायर आणि चेन बिनबोभाट जुळतात, त्याच देशात कॅरिअर, आरसा आणि दिवा जुळत नाही. हा भारताचा दोष नाही, आपल्या संस्कृतीचाही नाही. बेअरिंगचं गिऱ्हाईक कारखाना असतो. नंबर चुकला तर कारखाना अख्खा ट्रक परत पाठवतो. कॅरिअरचं गिऱ्हाईक आपण असतो, आणि आपण हातोडी उचलतो. फरक एवढाच.

इथे ‘जुगाड’ या शब्दाकडे यावं लागतं. गेल्या काही वर्षांत या शब्दाची इतकी पूजा झालीय की विचारू नका. २०१२ साली ‘जुगाड इनोव्हेशन’ नावाचं इंग्रजी पुस्तक आलं, मग मॅनेजमेंटवाल्यांनी त्यावर प्रेझेंटेशनं केली, आमच्या ऑफिसातही एकदा झालं. टाय लावलेल्या माणसाने पडद्यावर कुणा शेतकऱ्याने मोटरसायकलला जोडलेल्या नांगराचा फोटो दाखवला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. ज्याच्याकडे साधनच नाही त्याने डोकं लढवून साधन घडवलं तर तो सलाम करण्यासारखाच माणूस आहे. पण मी पैसे मोजून विकत घेतलेली वस्तू ७ मिलिमीटर चुकीची निघाली आणि मी ती ग्राइंडरने कापून बसवली, तर तो जुगाड नाही. ती बिनपगारी मजुरी आहे. कारखान्यातल्या साच्याची चूक मी माझ्या अंगणात दुरुस्त करून देतोय. प्रत्येक गिऱ्हाईक वेगवेगळं, आपापल्या अंगणात, तीच ती चूक. साचा एकदा दुरुस्त करायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या हजारपट वेळ आपण सगळे मिळून घालवतो आणि वर अभिमानाने फोटो टाकतो, ‘फुल देसी जुगाड’.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो म्हणजे लगेच पटेल. समजा कुणी तुम्हाला लायब्ररी विकली. डॉक्युमेंटेशन नाही, कोणत्या व्हर्जनवर चालते ते नाही, फंक्शनला काय द्यायचं ते नाही. फोन केला तर म्हणाला, ‘सर थोडा सोर्स कोड ठोकून घ्या, सगळे करतात.’ तुम्ही काय कराल? सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याच्या नावाने शिमगा कराल, पेमेंट थांबवाल, तीन मेल टाकाल. मग तीच माणसं आपण, शनिवारी गावाकडे गेल्यावर एवढी समंजस कशी होतो?

आता मेकॅनिकचा मुद्दा. ‘आपल्याला कळत नाही तर मेकॅनिककडे जावं.’ जातो ना. आमच्याकडचा मेकॅनिक हाताला फार चांगला आहे, नुसत्या आवाजावरून व्हॉल्व्हचं सेटिंग सांगतो. पण त्यालाही त्या खोक्यात कागद मिळत नाही. तोही अंदाजानेच बसवतो, फक्त त्याचा अंदाज माझ्यापेक्षा बरा. मी टॉर्कचं काही बोललो तर हसून म्हणाला, ‘काहून एवढं टेन्शन घेऊ राहिला भाऊ, हाताला कळते ना.’ त्याच्या हाताला कळतं, मान्य. पण त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराच्या हाताला अजून कळत नाही, आणि तुमच्या ब्रेकचा बोल्ट दुपारच्या गर्दीत तोच पोरगा आवळतो. माहिती कागदावर नसली की ती फक्त वयाने मिळते, आणि तोपर्यंतच्या चुका गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर होतात. तेव्हा मेकॅनिक विरुद्ध घरी करणारा हे भांडणच मुळात खोटं आहे. दोघेही एकाच बाजूला उभे आहेत, अंधारात.

गाडीच्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. गाडीसोबत जे पुस्तक देतात त्यात असतं काय? हेल्मेट घाला, तेल बदला, आणि बाकी सगळ्यासाठी ‘अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा’. कोणता बोल्ट किती आवळायचा, वायरिंगचा नकाशा, हे सगळं वेगळ्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये, आणि ते आपल्यासाठी नसतं. मग कुणीतरी कुठून तरी मिळवलेली, अस्पष्ट स्कॅन केलेली पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. माझ्या स्वतःच्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा मला चोरीच्या मालासारखा मिळतो! इंग्लंडात हेन्स नावाची कंपनी १९६० च्या दशकापासून एकेका गाडीचं, अख्खी गाडी खोलून लिहिलेलं पुस्तक साध्या दुकानात विकत आली. युरोपीय संघाच्या दुचाक्यांसाठीच्या २०१३ सालच्या नियमातच, म्हणजे १६८ क्रमांकाच्या, लिहिलंय की दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळाली पाहिजे.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने १४ कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. आरोप हाच, की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. आयोगाने हेही सांगितलं, की बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या कामामुळे जे बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. पुढे अपिलं झाली, दंडाचे आकडे बदलले, पण मुद्दा कागदावर आला. तो आदेश कारवाल्यांपुरता. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्यात वाहनं हे एक क्षेत्र होतं, आणि त्या डिसेंबरात पोर्टलही निघालं. चांगलं झालं. पण पोर्टलवर ग्राहक सेवेचा नंबर मिळणं आणि बोल्टचा टॉर्क मिळणं यात फरक आहे.

उलट कायद्याचं एक टोक मात्र आपल्याकडे अगदी धारदार आहे, आणि ते गाडीमालकाकडे वळलेलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील मूळ कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. परवानगी नसलेला बदल केला, बाहेरचे पार्ट लावून केला तरीही, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. विकणाऱ्याला काहीच नाही असं मी म्हणत नाही. सरकारने ‘सुरक्षेसाठी महत्त्वाचा’ म्हणून जाहीर केलेला सुटा भाग नियमात न बसणारा विकला तर त्याच कलमात वर्षभरापर्यंत कैद किंवा प्रत्येक नगामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे. पण ही तरतूद जाहीर केलेल्या भागांपुरती. बाकीच्या बाजाराचं काय? पोलीस चौकात माझी गाडी अडवू शकतो. ऑनलाइन विक्रेत्याचं गोदाम चौकात उभं नसतं. आणि हा पार्ट लावणं कायदेशीर आहे की नाही हे विकतानाच खोक्यावर सांगायला कुणी बांधील नाही.

हे सांगता येतं का? येतं. जर्मनीत येतं. तिथे बाहेरच्या पार्टसोबत कागद येतो, त्याला एबीई म्हणतात. तो तिथल्या सरकारी वाहन खात्याचा परवाना असतो, आणि हा पार्ट कोणत्या मॉडेलला चालतो, कोणत्या अटींवर, हे त्यात लिहिलेलं असतं. पार्ट लावायचा, कागद सोबत ठेवायचा, पोलिसाने विचारलं तर दाखवायचा. काही पार्टना दुसऱ्या प्रकारचा तपासणी अहवाल असतो, तेव्हा गाडी नेऊन दाखवावी लागते आणि नोंद करून घ्यावी लागते. जर्मन पोलीस फार कडक, पण तिथे कडकपणाच्या आधी माहिती येते. आपल्याकडे नुसता कडकपणा आयात झाला.

मग मागायचं काय? मी फार मोठं काही मागत नाही. खोक्यावर पाच ओळी. एक, कोणत्या मॉडेलला आणि कोणत्या सालच्या गाडीला बसतो, आणि ‘युनिव्हर्सल’ हा शब्द बंद. दोन, बोल्टची जाडी, पिच आणि किती आवळायचा. तीन, वीज लागत असेल तर खरे वॅट, वायर आणि फ्यूज. चार, भार घेणारा पार्ट असेल तर जास्तीत जास्त किती किलो. पाच, रस्त्यावर चालतो की नाही. खोक्यावर छापायची सक्ती ही काही नवीन कल्पना नाही. वजनमापाच्या २०११ च्या नियमांनुसार बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर आजही छापावाच लागतो. तिथेच अजून पाच ओळी.

आणि कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही, कारण एक कायदा आलेला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जुलै २०२० पासून लागू. त्याच्या कलम ८४ मध्ये उत्पादकाची जबाबदारी सांगितलीय, आणि त्यातलं एक कारण असं: वस्तूसोबत इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा नसणे. पुन्हा वाचा. वस्तू तुटकी असायची गरज नाही, त्यामुळे इजा झाली आणि सूचना नव्हत्या तर तेवढंही पुरे. म्हणजे मी वर जो ‘कागद नाही तर पार्ट अर्धवट’ म्हणालो, ते एका वैतागलेल्या इंजिनिअरचं मत नाही, संसदेने लिहून ठेवलेलं आहे.

इजा होईपर्यंत थांबायचं का? नाही. पार्ट सांगितलेल्या मॉडेलला बसत नाही, १२० वॅट सांगून १८ दिले, ही साधी ग्राहक तक्रार आहे. आधी १९१५ वर फोन करा. नाही ऐकलं तर जिल्हा आयोग. आता तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेत्याचं गोदाम दिल्लीत असलं तरी केदारखेड्याचा माणूस जालन्यात तक्रार करू शकतो, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. मला माहितीय, बाराशे रुपयांच्या कॅरिअरसाठी कोण आयोगात जाणार? निदान एवढं करा. हातोडीने ठोकून बसवू नका, परत पाठवा. परत पाठवताना कारण लिहा, मिलिमीटरमध्ये लिहा. आणि जे पाच स्टार मागतात त्यांना एकच स्टार द्या, सोबत आट्यांचं पिच लिहा. विक्रेत्याच्या कामाचं ते नसेल, पण तोच पार्ट घेणाऱ्या पुढच्या माणसाच्या कामाचं असेल. जी माहिती कंपनीने दिली नाही ती निदान आपण एकमेकांना देऊ.

दूधवाल्या दादांना मी त्या कॅरिअरबद्दल विचारलं होतं, की किती वजन चालतं? ते म्हणाले, ‘तुटलं नाही तोवर चालतं.’ त्यांच्यापुरतं हे खरंच आहे, त्यांना दुसरं कुणी काही सांगितलेलंच नाही. पण हे वाक्य त्यांना बोलावं लागू नये एवढी जबाबदारी ते कॅरिअर बनवणाऱ्याची आहे, आणि तो आकडा मागायची जबाबदारी आपली. आपल्याला मोजता येतं, लिहिता येतं, भांडता येतं. निदान येत्या शनिवारी एक खोकं तरी परत पाठवा.